पुंगळीच्या बुडावरची शिरोरेषा

दादरला माझं नेमप्लेट आणि ट्रॉफीचं छोटं दुकान आहे. दारावरच्या पाट्या, सोसायटीचे बोर्ड, निवृत्तीची सन्मानचिन्हं, देवळातल्या घंटेवर देणगीदाराचं नाव. अकरा वर्षं पितळेवर अक्षरं घालते आहे. तरीही २०२४ च्या पावसाळ्यात, एक रुपयाच्या नाण्याहून लहान असलेल्या पितळी वर्तुळावर एक शब्द आणि काही आकडे बसवायला मला साडेतीन महिने लागले. ते वर्तुळ म्हणजे काडतुसाचं बूड.

काम मामांचं होतं. मामा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, आता साताऱ्याकडे गावी असतात. गावातल्या शाळेत एक खोली त्यांनी आणि इतर निवृत्त जवानांनी मिळून लावली आहे. पदकं, जुनी पत्रं, फोटो, एक फुटलेली दुर्बीण. तिथे त्यांना आपल्याकडच्या जवानांच्या आणि शिकाऱ्यांच्या हातून गेलेल्या, आता जुन्या झालेल्या पाच बोअरच्या काडतुसांचे नमुने ठेवायचे होते. बोअर म्हणजे बंदुकीच्या नळीचा आतला व्यास, इंचात. "खरी नकोत गं," फोनवर पहिलं वाक्य हेच. "भरीव पितळेची कर. पण बुडावर अक्षर पाहिजे. बुडावर अक्षर नसलेलं काडतूस म्हणजे नाव नसलेला माणूस."

मामांनी टपालाने एक वही पाठवली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत रेंजवर गोळीबार झाला की रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची पितळी कवचं, मोजून परत जमा कराव्या लागत. जमा करायच्या आधी मामा वहीचं पातळ पान पुंगळीच्या बुडावर ठेवून वरून शिसपेन्सिल घासायचे. पुंगळी सरकारजमा, ठसा वहीत. पानापानावर करड्या रंगाची छोटी वर्तुळं. एका थ्री नॉट थ्रीच्या, म्हणजे .३०३ बोअरच्या, ठशावर के, एफ, सालाचे दोन आकडे आणि ७ एवढं स्पष्ट दिसत होतं. के एफ म्हणजे किरकी फॅक्टरी, आपली खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. ७ म्हणजे मार्क सात, १९१० साली आलेली टोकदार गोळी, १७४ ग्रेन, म्हणजे साधारण अकरा ग्रॅम वजनाची. साडेतेरा-चौदा मिलिमीटरच्या चकतीवर गाव, साल आणि जात, तिन्ही गोष्टी. आपल्या भांड्यांवरच्या नावांसारखंच हे. आमच्या घरी आईचं माहेरचं पातेलं आहे, त्याच्या काठाखाली आजोबांचं नाव, गाव आणि लग्नाची तारीख ठिपक्याठिपक्यांनी घातलेली आहे. वही बघताना मला सारखं ते पातेलं आठवत होतं.

पाच बोअर मामांनी ठरवूनच ठेवले होते. .५७७ स्नायडर. मार्टिनी-हेन्रीचं .५७७/४५०, १८७१ सालचं. .३०३, १८८८ पासूनचं. .५००/४६५, हॉलंड अँड हॉलंडचं. आणि .३१५, कारण मामांची स्वतःची परवान्याची रायफल त्याच बोअरची होती. लष्करी .३०३ नागरिकांना साध्या परवान्यावर ठेवता येत नाही, म्हणून आपल्याकडे शेतकरी-शिकाऱ्यांच्या हातात .३१५ आलं.

यातलं .५००/४६५ मला सगळ्यांत जास्त भावलं, कारण ते एका मनाईतून जन्माला आलं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने हिंदुस्थान आणि सुदानात .४५० बोअरवर बंदी घातली. कारण साधं. मार्टिनी-हेन्री रायफली सरहद्दीवर बंडखोरांच्या हाती पडलेल्या होत्या, तिचाही बोअर .४५०, त्यामुळे शिकारीच्या नावाखाली मागवलेल्या सामानातून तिला गोळ्या पुरवल्या जातील ही भीती. मग लंडनच्या बंदूकवाल्यांनी हिंदुस्थानच्या गिऱ्हाइकासाठी आकडाच बदलला. .४६५, .४७०, .४७५ असे बोअर त्यातून निघाले. हॉलंडचं .५००/४६५ हे १९०७ सालचं. आकड्यातला फरक पंधरा हजारांश इंचाचा, पण तेवढ्यावर कायद्याची हद्द ओलांडली जात नव्हती. बुडावरचा आकडा हे नुसतं माप नसतं, ते तेव्हा मला कळलं.

काम सुरू करायच्या आधी मी एक गोष्ट केली, आणि असं काही करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने ती आधी करावी असं मला मनापासून वाटतं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भागही येतात. म्हणजे पोकळ, खरीखुरी पुंगळी हीसुद्धा खेळण्याची वस्तू नाही. मी नमुन्याचं रेखाटन काढलं. गोळी आणि पुंगळी एकाच भरीव सळईतून एकसंध, आत पोकळी नाही, बुडात ठिणगी देणाऱ्या टोपीची खाच नाही, बाजूने तीन उभ्या खोबणी. खोबणी मामांनी सांगितल्या. सरावाच्या ड्रिल राउंडला अशा खोबणी असतात, अंधारात बोट फिरवलं तरी कळतं की हे खरं नाही. रेखाटन आणि शाळेचं पत्र घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला एका अधिकाऱ्यांनी रेखाटन नीट बघितलं, भरीव आहे ना, असं दोनदा विचारलं आणि अर्जाच्या प्रतीवर पोच दिली. ती पोच आजही नमुन्यांच्या पेटीत आहे.

सळई आणायला गुलालवाडीत गेले. मुंबईत तांबं-पितळ घ्यायचं तर तिथेच. पितळ पितळ म्हणतो आपण, पण खऱ्या पुंगळीचं पितळ वेगळं असतं. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. ते ओढून ताणून खोलगट करता येतं, म्हणून चकतीपासून पुंगळी घडते. लेथवर कातायची सळई मात्र फ्री कटिंग पितळेची, तिच्यात तांबं कमी आणि थोडं शिसं, त्यामुळे कीस बारीक तुटून पडतो. रंगातही फरक दिसतो. खऱ्या पुंगळीला किंचित लालसर सोनेरी छटा, सळई पिवळीजर्द. मामांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "चांगलंच आहे की. रंगानेही ओळखू येईल." मग वीस मिलिमीटरची सळई घेतली, कारण मार्टिनी आणि स्नायडर दोन्हींचं बूड एकोणीस मिलिमीटरच्या आसपास येतं.

कातकामाबद्दल फार लिहीत नाही. लोअर परळच्या एका गाळ्यातल्या लेथवाल्या दादांनी पाचही नमुने दहा दिवसांत काढून दिले, आणि मार्टिनीची बाटलीसारखी मान तर इतकी सुरेख उतरवली की मी दुकानात दोन दिवस ते टेबलावर उभंच ठेवलं होतं. त्या मानेतच त्या जोडआकड्याचा अर्थ आहे. .५७७ ची पुंगळी, पुढे आवळून .४५० केलेली. खऱ्यात ४८० ग्रेनची शिशाची गोळी आणि ८५ ग्रेन काळी दारू. हातात घेतलं की भरीव पितळेमुळे आपलं खऱ्याच्या जवळजवळ दुप्पट जड लागतं.

खरं काम इथून पुढे.

कारखान्यात बुडावरची अक्षरं नंतर कोरत नाहीत. पुंगळीचं बूड दाबून घडवताना, त्याच दाबात, उलट्या अक्षरांचा एक ठसा खाली बसतो आणि बूड, खाच, अक्षरं सगळं एकदम उमटतं. त्या ठशाचा खर्च लाखो नगांवर वाटला जातो. आता ज्या बोअरचं उत्पादन केव्हाच थांबलं, त्याचं काय? परदेशात जुन्या रायफली जपणारे लोक दुसऱ्या बोअरच्या पुंगळ्यांना नवा आकार देतात. मार्टिनीसाठी चोवीस गेजच्या पितळी शॉटगन पुंगळ्या वापरतात, आपल्या .३१५ च्या मापाच्या पुंगळ्या रशियन ७.६२ च्या पुंगळ्यांपासून होतात. आकार बदलतो, बूड मात्र जुनंच बोलत राहतं. आत एक, बाहेर दुसरं. म्हणून काही छोटे उत्पादक थोड्या संख्येत, खास त्या बोअरचा शिक्का असलेल्या पुंगळ्या काढतात आणि लोक त्यासाठी जादा पैसे मोजतात. आधी मला तो हौसेचा खर्च वाटला होता. मामांनी फोनवर मला चांगलंच समजावलं. "चुकीचं बूड वाचून चुकीच्या बंदुकीत गेलं तर डोळा जातो, हात जातो. दारूगोळ्याच्या कामात वाचता येणं म्हणजे बूड वाचता येणं."

मग माझ्यापुढे प्रश्न उभा राहिला की मी काय घालू? सोपं होतं, वहीतलं के एफ आणि जुनं साल जसंच्या तसं कोरायचं. देखणं दिसलं असतं. दोन रात्री मी त्याचा विचार केला. पण मी २०२४ साली लोअर परळला कातलेल्या पितळेवर खडकीचं नाव घालणं म्हणजे खोटी सही करणं. मी पन्नास वर्षांनी नसेन, शाळेची खोली बदलेल, पेटीतला कागद हरवेल, आणि कुणीतरी ते खडकीचं म्हणून बाजारात ठेवेल. पाट्यांच्या धंद्यात मी हे पाहिलं आहे, जुन्या वाड्याच्या पाटीची नक्कल काढून द्या म्हणून लोक येतात आणि पुढे ती 'मूळ' म्हणून विकली जाते. तेव्हा ठरवलं: वर 'नमुना', मग बोअर, मग २०२४. आणि सगळं देवनागरीत. शाळेतल्या मुलांना वाचायचं आहे, तर त्यांच्या अक्षरात.

मामांना आधी ते रुचलं नाही. "इंग्रजीत असतं गं ते सगळीकडे," म्हणाले. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. "घाल देवनागरीत. खडकीच्या कारखान्यात काम करणारे हात आपलेच होते."

नागदेवी स्ट्रीटला नंबर पंचचे, म्हणजे हातोडीने ठोकून अक्षर उमटवायच्या पोलादी ठशांचे, संच मिळतात, इंग्रजी आकडे आणि अक्षरं, दोन मिलिमीटरपासून वर. देवनागरीचे तयार मिळत नाहीत. एका कारागिराकडून खास घडवून घेतले. आले ते बघून मन खट्टू झालं. पाचाचं वळण हिंदी छपाईतलं, आपल्या मराठी वहीतलं नाही. आणि माझ्या पाच नमुन्यांपैकी चारांत पाच आहे! शिवाय 'मु' मधला उकार इतका नाजूक कातला होता की तिसऱ्या ठोक्याला तुटला. पंच मारण्याचीही एक अडचण होती. बुडाच्या गोलाईवर अक्षर बसवताना पंच किंचित कलतो, एका बाजूने खोल आणि दुसऱ्या बाजूने पुसट उठतो. पहिल्या स्नायडरवर पंच सरकला आणि सात दोनदा उमटला. तो नमुना वाया गेला. बुडाचा कडेचा पातळ काठही शिकंज्यात दबला होता.

लेझर करून पाहिला. दुकानात आहेच. भंगाराच्या तुकड्यावर अक्षरं काळसर, स्वच्छ, तंतोतंत आली. पण अंगठा फिरवला तर काहीच लागत नव्हतं. मामांच्या वहीसारखा ठसा त्यावरून निघाला नसता. पेन्सिल घासली की कागद नुसता करडा. तिथे मी थांबले, कारण ठसा निघाला पाहिजे हे तेव्हा मनात पक्कं झालं.

आईनेच वाट दाखवली. म्हणाली, "तांबाकाट्याला जा की. भांड्यांवर नावं घालणारे असतील अजून." पायधुनीजवळच्या तांबाकाट्यावर भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत आता नाव घालायला बहुतेक ठिकाणी थरथरणारी विजेची लेखणी असते. विचारत विचारत एका दुकानाच्या ओट्यावर बसणारे एक काका सापडले. त्यांच्याकडे लेखणीही होती, पण लाकडी पेटीत छिन्न्याही होत्या, काड्यापेटीतल्या काडीहून थोड्या जाड. सत्तरी ओलांडलेले. माझं वाया गेलेलं स्नायडर त्यांनी हातात घेऊन फिरवलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, "बाई, वेलांटी, मात्रा काही आहे का शब्दात?"

मी म्हटलं, नाही. 'नमुना'. त्यांचा चेहरा खुलला. वेलांटी आणि मात्रा शिरोरेषेच्या वर जातात. बुडाच्या कडेला वर जागाच नसते, तिथे काठ उतरता असतो. 'नमुना'त वर काहीच नाही, फक्त एक उकार खाली, आणि खाली म्हणजे मध्याकडे, जिथे जागाच जागा. शब्द मी अर्थासाठी निवडला होता. तो त्या जागेसाठीच घडल्यासारखा निघाला.

आणि मग काकांनी जे सांगितलं त्याने सगळं काम बदललं. म्हणाले, "गोल भांड्यावर आम्ही शिरोरेषा आधी ओढतो. मग अक्षर तिला टांगतो. तुमची रेघ लेथवरच मारून आणा." मी जागेवर उभी राहिले. इतक्या दिवसांत माझ्या डोक्यात इंग्रजी पंचाची पद्धत घट्ट बसली होती, एकेक अक्षर सुटं मारायचं. आपल्या अक्षरांना तर वरून एक दोरी असते! काठाच्या आत दीड मिलिमीटरवर लेथने एक बारीक वर्तुळ कातलं की तीच शिरोरेषा. अक्षरांची डोकी बाहेर, पाय मध्याकडे, सगळी एका वर्तुळाला लोंबणारी. आकड्यांना शिरोरेषा नसते, म्हणून ते रेघेपासून केसभर खाली ठेवायचे. चित्र काढलं तेव्हा वाटलं, देवनागरी या जागेसाठी इंग्रजीपेक्षा जास्त शोभते. आजही तसंच वाटतं.

लेथवाल्या दादांनी पाचही बुडांवर वर्तुळ कातलं, स्नायडर नवं काढून. मी कागदावर प्रत्येकाचं मोठं रेखाटन करून अक्षरांचे कोन मोजले. मार्टिनीच्या बुडावर 'नमुना', '५७७/४५०' आणि '२०२४' सव्वादोन मिलिमीटर उंचीत आरामात बसलं. थ्री नॉट थ्रीवर तेच पावणेदोनपर्यंत उतरवावं लागलं. काकांनी शिकंजा वापरला नाही. डांबर-राळेच्या गोळ्यात नमुना उभा रोवला, डोळ्याला भिंग लावलं, आणि छिन्नीने एकेक रेघ तीन-चार हलक्या ठोक्यांत घेतली. त्यांचा पाच मराठी होता. मी न सांगता. मार्टिनीला पाऊण तास लागला. माझ्या दुकानातलं यंत्र तेवढ्या वेळात बारा पाट्या काढतं, आणि मी त्या पाऊण तासात जागची हलले नाही.

पैसे विचारले तर म्हणाले, भांड्यावर अक्षराचे घेतो तेवढेच द्या. मी दुप्पट दिले, त्यांनी निम्मे परत केले. शेवटी सणाला येईन म्हणून चहापाण्याचे ठेवले.

एक चूक माझ्या हातून अगदी शेवटी व्हायची राहिली. ऑगस्टचे दिवस, दमट हवा, पितळ चार दिवसांत मळकट व्हायला लागलं. मी कपाटातली पॉलिशची बाटली काढली आणि सहज मामांना सांगितलं. मामा एकदम म्हणाले, "वास घेऊन बघ. अमोनिया आहे का?" होता. आणि मग त्यांनी जी गोष्ट सांगितली ती मी नंतर धातूशास्त्रातही शोधली, तंतोतंत तशीच. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेच्या पुंगळ्या पावसाळ्यात आपोआप तडकत. दारूगोळा घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवलेला. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, पावसाळ्याची ओल आणि पितळ ओढताना-दाबताना आत राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आले की पितळ भेगाळतं. पावसाळ्याच्या मोसमात व्हायचं म्हणून इंग्रजीत त्याचं नावच 'सीझन क्रॅकिंग' पडलं. १९२१ साली त्याचं कारण अमोनिया म्हणून पक्कं झालं. उपाय म्हणजे शेवटी पुंगळी मंद तापवून आतला ताण काढणं. माझे नमुने भरीव, त्यांना तेवढा धोका नव्हता. पण छिन्नीच्या प्रत्येक ठोक्याखाली थोडा ताण राहतोच, आणि काकांच्या रेघांपाशी मला काही होऊ द्यायचं नव्हतं. बाटली परत ठेवली. चिंचही लावली नाही, चिंचेने वरचं जस्त जाऊन पितळ गुलाबी पडतं. नुसतं कोमट पाणी, मऊ फडकं, आणि वर मेणाचा पातळ हात.

सप्टेंबरात पाचही नमुने शिसवी पेटीत, खाचांत आडवे, बुडं समोर दिसतील अशी ठेवून मी स्वतः एसटीने घेऊन गेले. पार्सलने पाठवायचं धाडस झालं नाही, आणि कुणी अडवलंच तर पोच दाखवायला मी सोबत हवी. मामांनी चष्मा पुसून पहिलं .३१५ उचललं. काहीच बोलले नाहीत. अंगठा बुडावरून गोल फिरवला, एकदा, दोनदा. मग थ्री नॉट थ्री. मग वही मागितली, तीच जुनी वही, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिल घासायला बसले. 'नमुना' उमटला, शिरोरेषेचं पूर्ण वर्तुळ उमटलं, ३०३ उमटलं. मामा पान उजेडाकडे धरून बराच वेळ बघत होते.

गेल्या महिन्यात शाळेतल्या बाईंचा फोन आला. मुलं पेटीभोवती गर्दी करतात, प्रत्येकाला वहीत ठसा काढायचा असतो, पण वहीचं पान जाड पडतं आणि खालचा उकार नीट उठत नाही. कुठला कागद आणू, असं विचारत होत्या. मी इथून पतंगाच्या कागदाचा एक गठ्ठा पाठवला आहे, आणि सोबत दोन डझन मऊ शिशाच्या पेन्सिली.